काढ्याची नोंद

बँकेत मी बत्तीस वर्षे काढली. त्यांतली बरीचशी दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, चुकीची नोंद फारशी त्रासदायक नसते. ती आज ना उद्या सापडते, आणि शेजारी सही करून दुरुस्तही करता येते. त्रास देतो तो मुळात नोंदच न झालेला व्यवहार. खिडकीतून पैसे गेले आणि वहीत काही उतरले नाही, की संध्याकाळी रोकड जुळत नाही आणि सगळी शाखा रात्रीपर्यंत डोके धरून बसते. नव्या कारकुनांना हे मी कितीदा ऐकवले असेल! आणि २०१९ च्या पावसाळ्यात, एका डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून, मीच एक व्यवहार दडवला. तो होता गुळवेलीच्या काढ्याचा.

पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया पार पडली आणि दर एकवीस दिवसांनी केमोथेरपी सुरू झाली. त्यातले एक औषध लालभडक असते, कोकमच्या सरबतासारखे. ते नळीतून उतरू लागले की सोबतची माणसे मान फिरवतात. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळमळ सुरू झाली आणि पुढे तीन-चार दिवस तिने घर सोडले नाही. उलट्या दोन-तीनच झाल्या, त्या गोळ्यांनी आवरल्या. पण फोडणीचा वास आला की हिला उमासे येत. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकली तरी ती तोंडाला पदर लावी. चाळीस वर्षे जिने चार माणसांचा स्वयंपाक केला, तिला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडवेना.

अशा वेळी आपल्याकडे माणसे रिकाम्या हाताने येत नाहीत. एकाने गव्हांकुराचा रस आणला, दुसऱ्याने कुठल्याशा आश्रमातले चूर्ण. बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या. माझी मोठी बहीण तर मुक्कामालाच आली आणि येताना परसातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल घेऊन आली. रोज सकाळ-संध्याकाळ काढा होऊ लागला. त्यामागचे प्रेम खरे होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

सुरुवातीलाच मी डॉक्टरांना विचारले होते, की मळमळीसाठी आल्याचा रस वगैरे घरचे काही दिले तर चालेल का? फाईलमधून मान वर न करता त्यांनी सांगितले, "ते सगळं बंद. बाहेरचं काहीही द्यायचं नाही." दाराबाहेर चाळीस माणसे ताटकळत होती. त्यांना दोष देववत नाही. पण त्या एका वाक्याचा परिणाम काय झाला? आम्ही द्यायचे थांबलो नाही, सांगायचे थांबलो.

तिसऱ्या केमोच्या आधी रक्ताचा रिपोर्ट आला. यकृताची तब्येत सांगणारे जे आकडे असतात, ते वाढले होते. डॉक्टरांनी विचारले, "आणखी काही घेताय का?" मी म्हणालो, "नाही." पत्नीने माझ्याकडे पाहिले, पण ती चारचौघांत मला खोटे पाडणारी नव्हे. केमो पुढे ढकलली गेली. काविळीच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. घरी येताच काढा पुन्हा चालूच. उलट 'यकृताला चांगला' म्हणून अर्धी वाटी जास्त. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा तिथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. ती म्हणाली, "आजी, घरी मळमळीसाठी काय काय करता हो? माझी आई ओवा चघळायची." आणि पत्नीने सगळे सांगून टाकले. त्या मुलीने एकही शब्द न बोलता फाईलवर लिहिले : गुळवेल, दिवसातून दोनदा, सुमारे सहा आठवडे.

काढा बंद झाला, आकडे उतरले, तिसरी केमो पंधरा दिवस उशिरा झाली. पुढचे उपचार सुरळीत पार पडले आणि पत्नी आज बरी आहे. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर ते आकडे गुळवेलीनेच वाढले, असे कोणी म्हटले नाही. केमोच्या औषधांनीही ते वाढतात. डॉक्टर एवढेच म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर आधी ते बंद करून पाहिलं असतं." ते पंधरा दिवस माझ्या खात्यावर आहेत.

दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. करोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून घरोघर काढे उकळत होते, तेव्हाची ती माणसे. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतून अशा त्रेचाळीस रुग्णांची माहिती पुढे आली. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरेच. पण केमो घेणाऱ्या माणसाचे यकृत आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेले असते. निरोगी माणसाला जे सोसते ते त्याला सोसेलच, असे धरून चालणे हा मोठा धोका आहे.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मी झाडपाल्याविरुद्ध लिहायला बसलो आहे. तसे नाही. आल्याचेच पाहा. या साध्या आल्याची परीक्षा देशोदेशींच्या रुग्णालयांत झाली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये हाडांच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या मुलांना आणि तरुणांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला सुंठीची पूड कॅप्सूलमधून दिली गेली. मळमळ आणि उलट्या यांची तीव्रता कमी झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ५७६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. केमोच्या तीन दिवस आधीपासून रोज अर्धा ते दीड ग्रॅम आले, तेही नेहमीच्या औषधांसोबत. पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली, आणि सर्वांत जास्त गुण आला तो अर्ध्या आणि एक ग्रॅमने. दीड ग्रॅमवाले पुढे गेले नाहीत. आपल्याकडे 'थोड्याने बरे वाटते तर जास्त घ्या' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उलट २०१७ मध्ये इटलीतल्या २५१ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ते सिस्प्लॅटिन हे उलट्यांसाठी कुप्रसिद्ध असलेले औषध मोठ्या मात्रेत घेत होते. तिथे आल्याच्या अर्काचा विशेष उपयोग दिसला नाही. म्हणजे आले काही वेळा थोडी मदत करते, काही वेळा करत नाही. आणि जिथे मदत करते तिथेही ते डॉक्टरांच्या गोळीच्या शेजारी बसून करते, तिच्या खुर्चीवर बसून नव्हे.

ती गोळी कशासाठी असते, हेही समजून घ्यायला हवे. केमोचे औषध आतड्याच्या अस्तराला दुखावते. तिथल्या पेशींतून सेरोटोनिन नावाचा पदार्थ बाहेर पडतो आणि पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला डिवचतो. मेंदूला वाटते, पोटात विष गेले, बाहेर काढा. ही वाट अडवणारे ओंडान्सेट्रॉन हे औषध १९९१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याआधी उलट्या सोसवत नाहीत म्हणून उपचार अर्धवट सोडणारी माणसे असत. २००३ मध्ये दुसरी वाट अडवणारे ॲप्रेपिटंट आले. पुढे ओलान्झापीन हे मुळात मानसिक आजारावरचे औषध मळमळीवर गुणकारी ठरले. पण त्याने गुंगी येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दाखवून दिले, की दहा मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमच दिले तरी काम भागते आणि दिवसा पेंगुळणे कमी होते. तेव्हा 'ॲलोपथीवाल्यांना फक्त रोग दिसतो, माणसाचा त्रास दिसत नाही' हे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे.

तरीही एक कोपरा राहतोच. या औषधांनी उलट्या जेवढ्या आटोक्यात आल्या, तेवढी मळमळ आली नाही. उलटी मोजता येते, मळमळ मोजता येत नाही. मराठीत तर तिच्या किती छटा आहेत! पोटात ढवळते, मळमळते, उमासे येतात, तोंडाला पाणी सुटते, कोरड्या ओकाऱ्या येतात, अन्नावरची वासना उडते. डॉक्टरांनी "व्हॉमिटिंग किती वेळा?" विचारले की रुग्ण म्हणतो, "एकदा." आणि दिवसभराचे ढवळणे हिशेबाबाहेर राहते. घरगुती औषधे नेमकी या कोपऱ्यात शिरतात. तिथे त्यांना जागा आहे, म्हणूनच शिरतात.

आपल्या जुन्या वैद्यांना हा कोपरा ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उलटीवर, म्हणजे 'छर्दी'वर, स्वतंत्र अध्याय आहे. तिचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला पाचवा आहे तो किळस वाटणाऱ्या गोष्टींच्या संपर्काने होणारा. रुग्णालयाचे फाटक दिसताच, नळी लावण्याआधीच ओकारी येणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा त्रास मला त्या पाचव्या प्रकाराच्या शेजारचाच वाटतो. उलटी थांबवणाऱ्या दहा द्रव्यांची यादीही चरकात आहे. जांभळाची आणि आंब्याची कोवळी पाने, महाळुंग, बोर, डाळिंब, जव, ज्येष्ठमध, वाळा, माती आणि साळीच्या लाह्या. गंमत अशी की त्या दहांत आले नाही! यादी वाचली की लक्षात येते, निम्मी द्रव्ये म्हणजे गार, आंबूस, हलके खाणे आहे. आजारी माणसाच्या जिभेला काय झेपेल, हे ओळखून ती निवडलेली दिसतात. मात्र त्या ग्रंथकारांच्या समोर केमो घेणारा रुग्ण नव्हता. त्यांच्या नावाने आज कोणी हमी देत असेल, तर ती हमी त्यांची नव्हे, देणाऱ्याची आहे.

आता 'वनस्पती म्हणजे निर्धोक, केमो म्हणजे विष' हे आवडते समीकरण पाहू. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोची औषधे मिळाली. आमच्या सह्याद्रीत, राधानगरी-आंबोलीकडच्या जंगलांत नरक्या नावाचे झाड आहे. त्यात कॅम्पटोथेसिन असते म्हणून त्याची चोरटी तोड होते. त्या कॅम्पटोथेसिनपासून इरिनोटेकान हे औषध तयार होते. म्हणजे ज्याला आपण विष म्हणतो तेही झाडपाल्याचेच, फक्त मोजून-मापून दिलेले. याच इरिनोटेकानबरोबर युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतली तर काय होते, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये पाच रुग्णांवर पाहिले. रक्तातला औषधाचा कामाचा अंश ४२ टक्क्यांनी घटला. रुग्णाला वरून काहीच कळले नसते. एका वनस्पतीने दुसरीचे काम गुपचूप निम्म्यावर आणले असते.

याच्या उलटही घडते. सुंठ, मिरी, पिंपळी यांचे त्रिकटू मळमळीवर, अग्निमांद्यावर सर्रास दिले जाते. मिरी-पिंपळीतला पिपेरीन हा पदार्थ इतर औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवतो, हे जम्मूच्या प्रयोगशाळेत आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्याच गुणाचा उपयोग करून रिफाम्पिसिनची मात्रा कमी केलेले क्षयाचे औषध २००९ मध्ये भारतात बाजारात आले. गुण मोठाच आहे. पण केमोची मात्रा माणसाची उंची-वजन पाहून, काठावर बेतलेली असते. तिथे आपण न सांगता मिरी-पिंपळीची भर घालणे म्हणजे दुसऱ्याने जुळवलेल्या ताळेबंदात परस्पर आकडा वाढवणे आहे. भाजीत घातलेल्या चिमूटभर मिरीबद्दल मी बोलत नाही. चमच्याने घेतलेल्या चूर्णाबद्दल आणि हळदीसोबत मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलबद्दल बोलतो आहे. जेवणातला मसाला आणि औषध म्हणून घेतलेला अर्क यांत तोळ्या-माशाचा नाही, शेरा-मणाचा फरक असतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना कच्चा, न उकळलेला गव्हांकुराचा रसही याच कारणाने विचारल्याशिवाय देऊ नये. त्यातून जंतुसंसर्गाची वाट उघडू शकते.

आणि मळमळीवरचा उपाय हळूच रोगावरचा उपाय होऊन बसतो, हा आणखी एक घसरता उतार. २०२४ च्या नोव्हेंबरात एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा कर्करोग हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने हटल्याचे सांगितले, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना एकत्र येऊन लोकांना सावध करावे लागले. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. ऐकणाऱ्यांच्या कानात मात्र हळदच राहिली.

पण या सगळ्याहून मला जास्त बोचते ती वेगळीच गोष्ट. उपचार संपल्यावर एकदा मी पत्नीला विचारले, की तू तो काढा निमूट का पीत होतीस? ती म्हणाली, "वन्संचं मन मोडवेना. आणि तुमचं तोंड बघवत नव्हतं. मी काही प्यायले की तुम्हाला बरं वाटायचं." जरा थांबून म्हणाली, "मला काय हवंय, ते मात्र अहो, कुणी विचारलंच नाही."

तिला हवा होता ताजा पण निवलेला मऊ भात. गार अन्नाला वास कमी येतो, हे पुढे त्याच शिकाऊ डॉक्टर मुलीने समजावून सांगितले. तिला हवी होती बंद स्वयंपाकघराची दारे, उघड्या खिडक्या, आणि खाण्याचा आग्रह न करणारी माणसे. आम्ही मात्र तिला केमोच्या दिवशी सकाळी आल्याचा रस आग्रहाने पाजत होतो. त्याचे फळ आज आमच्या घरात आहे. आल्याच्या चहाशिवाय जिचा दिवस उगवत नसे, तिला आता आल्याचा वासही सहन होत नाही. आयलीन बर्नस्टाइन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७८ मध्ये हेच मुलांमध्ये दाखवले होते. केमोच्या थोडे आधी एक अनोळखी चवीचे आइसक्रीम दिले, तर मुले पुढे त्याच्याकडे पाठ फिरवत. शरीर दोष औषधाला देत नाही, जिभेवरच्या चवीला देते. म्हणून जे आवडते, जे पुढे जन्मभर खायचे आहे, ते केमोच्या तोंडावर देऊ नये. हे कोणत्याही घरगुती औषधाच्या बाटलीवर लिहिलेले नसते.

तेव्हा माझे मागणे दोघांकडे आहे. रुग्णालयाच्या केसपेपरवर नाव, वय, वजन, विमा, कशाची ॲलर्जी, असे अनेक रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना हवा : 'घरी आणखी काय घेता?' आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजात पोलिसी जरब नको. "ते सगळं बंद" म्हणायला दोन सेकंद लागतात, "काय काय करता?" विचारायला आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटे. ती दोन मिनिटे वाचवून आमच्या बाबतीत पंधरा दिवस गेले. जिथे डॉक्टरांना खरेच वेळ नाही, तिथे परिचारिकेने, औषधे देणाऱ्या फार्मासिस्टने विचारावे. त्यातले काय चालेल, काय नको, हे सांगावे. लाह्यांचे पाणी आणि डब्यातले अनामिक चूर्ण यांना एकाच वाक्यात हद्दपार केले, की रुग्ण दोन्ही लपवतो.

दुसरे मागणे माझ्यासारख्यांकडे, म्हणजे रुग्णाच्या माणसांकडे. आपले जवळचे माणूस पलंगावर पडले असताना हातावर हात ठेवून बसवत नाही. काहीतरी कुटावे, उकळावे, पाजावे असे वाटते. ही भावना लाजिरवाणी नाही. पण पातेले चुलीवर ठेवण्याआधी दोन माणसांना विचारा. आधी पलंगावरच्या माणसाला, मग डॉक्टरांना. आणि घरात येणारी प्रत्येक पुडी, बाटली, काढा एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. ती वही दर खेपेला फाईलबरोबर न्या.

बहिणीला मी हे सगळे सांगितले, तेव्हा ती रडली. मग म्हणाली, "मला आधी सांगायचं नाहीस का?" तिचेही बरोबर होते. नोंद तिच्याकडेही झाली नव्हती. आता ती आमच्याकडे आली की चहा तीच करते. वेलची घालते, आले घालत नाही.